एक एप्रिलची टिपणे



विज्ञानाच्या व्याख्यानमालेत विनोद हा विषय कशाला, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या मनात आला असेल. मी तो विचारपूर्वक निवडला आहे. गेली पन्नासहून अधिक वर्षे संगणकांचे जाळे विणणाऱ्या माणसांनी आपल्या कामाची जी परखड परीक्षा केली, तिचा मोठा भाग त्यांनी विनोदात लिहून ठेवला आहे. कंपन्यांच्या पत्रकांत आणि नव्या फोनच्या अनावरणाच्या बातम्यांत ती परीक्षा सापडत नाही. १ एप्रिलच्या तारखेने निघालेल्या काही तांत्रिक टिपणांत ती सापडते, काडीसारख्या माणसांच्या एका चित्रमालिकेत सापडते. हे सारे करमणूक म्हणून वाचायचे आणि सोडून द्यायचे, हे मला पटत नाही. त्यातल्या कित्येक गोष्टी पुढे जशाच्या तशा घडल्या आणि तेव्हा जग गाफील होते. आज त्यांतल्या काही तुमच्यापुढे ठेवतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९६९ साली अमेरिकेत आर्पानेट हे जाळे जोडायला सुरुवात झाली. काम करणाऱ्यांत विद्यापीठातले विद्यार्थी बरेच होते. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या स्टीव्ह क्रॉकर या विद्यार्थ्याने ७ एप्रिल १९६९ रोजी पहिले टिपण लिहिले. आमचे असे असे चालले आहे, तुमची मते कळवा, असा त्याचा सूर होता. त्याच महिन्यातल्या तिसऱ्या टिपणात लिहिण्याची रीत ठरली: कुठल्याही केंद्रातल्या कोणीही लिहावे, आणि घासूनपुसून चकचकीत करत बसण्यापेक्षा वेळेवर लिहावे. आरएफसी, म्हणजे मतांची मागणी, या नावाने ही मालिका आजही चालू आहे आणि टिपणांची संख्या नऊ हजारांच्या पुढे गेली आहे. एका संगणकाने दुसऱ्याला हाक कशी द्यायची, पत्राचे पाकीट कसे बांधायचे, उत्तर आले नाही तर किती वेळ थांबायचे, हे सगळे नियम तिथे असतात.

या मालिकेची सूत्रे जॉन पोस्टेल यांच्याकडे होती. १९९८ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत तेच तिचे संपादक होते. १ एप्रिल १९७८ रोजी मार्क क्रिस्पिन यांचे ७४८ क्रमांकाचे टिपण निघाले. दोन संगणकांनी आपापसांत रीतसर बोलणी करून अधूनमधून माहिती हरवावी आणि मधेच कोसळावे, अशी सोय त्यात सुचवली होती. सगळी प्रणाली बेभरवशाची आहेच, तर ते नियमात तरी बसवू या, असा त्याचा रोख. पोस्टेल यांनी ते इतर टिपणांच्या रांगेत, त्याच मांडणीत, क्रमांक देऊन छापले. मला हा निर्णय फार मोठा वाटतो. आपल्या कामावरची टीका त्यांनी आपल्याच दप्तरात, इतर नियमांच्या शेजारी ठेवली.

आता कबुतरांकडे येऊ. १ एप्रिल १९९० रोजी डेव्हिड वेट्झमन यांचे ११४९ क्रमांकाचे टिपण प्रसिद्ध झाले. इंटरनेटवरची माहिती कबुतरांमार्फत कशी पाठवावी, याचा तो नियम आहे. माहितीचा पुडका, म्हणजे पॅकेट, कागदाच्या बारीक गुंडाळीवर सोळा-अंकी पद्धतीने छापायचा आणि कबुतराच्या पायाला चिकटपट्टीने बांधायचा. पलीकडे पट्टी सोडवून कागद स्कॅन करायचा. एका खेपेत किती माहिती जाईल हे पायाच्या लांबीवर ठरते आणि कबुतराच्या वयाबरोबर ती साधारण वाढत जाते, असे टिपण सांगते. वाहकांना टक्कर टाळण्याची उपजत बुद्धी असते, वादळात माहिती गहाळ होऊ शकते, याचीही नोंद आहे. नऊ वर्षांनी याच पद्धतीत सेवेचे दर्जे आणणारे दुसरे टिपण निघाले आणि २०११ मध्ये नव्या पिढीच्या पत्त्यांसाठी तिसरे.

हे टिपण विनोदी आहे आणि त्यातला प्रत्येक नियम बरोबरही आहे. इंटरनेटची सगळी रचना एका तत्त्वावर उभी आहे: पॅकेट कशावर बसून जाते हे पॅकेटने विचारायचे नाही. तांब्याची तार असो, काचेचा तंतू असो, रेडिओलहर असो, वरच्या थराला खालच्या थराची चौकशी नाही. हे तत्त्व खरे असेल तर ते पक्ष्यालाही लागू पडले पाहिजे. वेट्झमन यांनी ते लावून पाहिले आणि ते टिकले. शंभर पानी पाठ्यपुस्तकातून जे विद्यार्थ्याच्या मनावर ठसत नाही, ते या दोन पानांत ठसते.

नियम खरा धरून तो टोकापर्यंत नेण्याची ही रीत मराठीला नवी नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या विनोदी लेखांतला सुदामा आणि त्याचे मित्र बंडूनाना व पांडूतात्या रूढीवर समोरून हल्ला करत नाहीत. ते रूढीची बाजू घेतात, ती निष्ठेने आणि काटेकोरपणे शेवटच्या टोकापर्यंत नेतात, आणि तिथे पोचल्यावर ती कशी दिसते हे वाचकाला आपोआप कळते. असे लिहायला रूढीची बारीकसारीक माहिती लागते. पंचांग न उघडणाऱ्याला मुहूर्तावर असे लिहिता येणार नाही. वेट्झमन यांनाही पॅकेटचा मथळा बिटाबिटाने माहीत होता.

पुढे जे झाले ते आणखी बोलके आहे. २८ एप्रिल २००१ रोजी नॉर्वेतल्या बर्गन शहरात लिनक्स या संगणकप्रणालीच्या चाहत्यांच्या मंडळाने हे टिपण खरोखर अमलात आणले. कबुतरे पाळणाऱ्या स्थानिक संघाची मदत घेतली. सुमारे पाच किलोमीटर अंतरावर पिंगची नऊ पॅकेटे सोडली. पिंग म्हणजे जाळ्यातली साधी विचारपूस: आहेस का तिथे? नवांपैकी चार उत्तरे आली. सर्वात लवकर आलेल्या उत्तराला ३२१२ सेकंद लागले, म्हणजे साडेत्रेपन्न मिनिटे; सर्वात उशिरा आलेल्याला ६३८९ सेकंद, म्हणजे पावणेदोन तासांहून थोडे जास्त. निम्म्याहून अधिक पॅकेटे गेली ती गेलीच. पण चार आली, आणि संगणकाने ती नेहमीच्या पॅकेटांसारखीच मोजली.

२००९ च्या सप्टेंबरात दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन इथल्या एका कंपनीने विन्स्टन नावाच्या अकरा महिन्यांच्या कबुतराच्या पायाला चार जीबीची स्मृतिकांडी बांधली. त्याच वेळी तीच माहिती तिथल्या एडीएसएल, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरच्या इंटरनेट, जोडणीवरून पाठवायला सुरुवात केली. कबुतराने ऐंशी किलोमीटर अंतर एक तास आठ मिनिटांत कापले. माहिती संगणकावर उतरवून घेण्यासकट एकूण वेळ २ तास ६ मिनिटे ५७ सेकंद. तेवढ्या वेळात तारेवरून चार टक्के माहिती पोचली होती. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ही बातमी गंमत म्हणून छापली आणि पान उलटले.

मी इथे थांबून हिशेब करायला सांगेन. चार जीबी म्हणजे बत्तीस अब्ज बिट. ते ७६१७ सेकंदांत पोचले. भागाकार केला तर विन्स्टनचा वेग सेकंदाला चार मेगाबिटांहून थोडा जास्त येतो. त्याने एकच बिट नेला असता तरी त्याला तासाहून जास्त वेळ लागला असता. जाळ्याची गुणवत्ता दोन राशींत मोजावी लागते: उत्तर यायला किती वेळ लागतो, आणि एका दमात किती माल जातो. कबुतर पहिलीत फारच मागे आणि दुसरीत पुढे. आपल्याकडच्या जाहिराती दुसरी राशी तेवढी सांगतात, अमुक इतके एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट. मग भरपूर एमबीपीएस घेऊनही पुण्यातल्या आजीचे बॉस्टनमधल्या नातवाशी बोलताना शब्द एकमेकांवर आदळतात, आणि दोष कुठे आहे हे घरात कोणाला कळत नाही. विन्स्टनची बातमी हिशेबासकट छापली असती, तर हे तेव्हाच लोकांना कळले असते.

यात कोणाला अतिशयोक्ती वाटत असेल तर कृष्णविवराच्या छायाचित्राची आठवण करून देतो. १० एप्रिल २०१९ रोजी जगाने ते पाहिले. त्यामागची निरीक्षणे २०१७ मध्ये आठ दुर्बिणींनी घेतली होती आणि माहितीचा साठा सुमारे पाच पेटाबाइट होता. तो कुठल्याही तारेवरून पाठवणे परवडणारे नव्हते. हार्ड डिस्कांच्या चळती, अर्धा टन वजनाच्या, विमानांनी नेल्या. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्कांना तर तिथला हिवाळा सरेपर्यंत थांबावे लागले, कारण त्या दिवसांत विमानच उतरत नाही. या शतकातल्या सर्वात गाजलेल्या खगोलचित्राची माहिती ११४९ क्रमांकाच्या रीतीनेच पोचली, वाहक तेवढे मोठे होते.

आता ज्या टिपणासाठी मी हा विषय धरला त्याकडे वळतो. १ एप्रिल २००३, क्रमांक ३५१४, लेखक स्टीव्हन बेलोव्हिन. बेलोव्हिन हे जाळ्याच्या सुरक्षेतले मोठे अधिकारी. प्रत्येक पॅकेटच्या मथळ्यात एक बिट वापराविना पडून होता. त्यांनी सुचवले की ज्या पॅकेटचा हेतू वाईट आहे त्याने तो बिट एक करावा आणि ज्याचा हेतू चांगला आहे त्याने शून्य ठेवावा. दारावरच्या भिंतीने, म्हणजे फायरवॉलने, एक दिसला की पॅकेट अडवावे आणि शून्य दिसला की सोडावे. सुरक्षेचा प्रश्न मिटला.

ज्या व्यवस्थेत चोराने आपण चोर आहोत हे स्वतः लिहून द्यायचे असते, ती व्यवस्था चोराचे काहीच बिघडवत नाही. हे ऐकताना कोणालाही इतके उघड वाटते की सांगायची गरज काय, असे होते. म्हणूनच पुढचा इतिहास ऐका. २००९ मध्ये काही संशोधकांनी एक कल्पना मांडली. माझा माग काढू नका, अशी एका अंकाची खूण ब्राउझरने प्रत्येक मागणीबरोबर पाठवावी, आणि जाहिरातवाल्यांनी तिचा मान राखावा. हेतू शुद्ध होता. २०११ पासून फायरफॉक्सने ती सोय दिली, इतर ब्राउझरही मागोमाग आले, वर्ल्ड वाइड वेब कॉन्सॉर्शियमने त्यासाठी अभ्यासगट नेमला. गटात वर्षानुवर्षे वाद झाले, आणि जानेवारी २०१९ मध्ये तो गुंडाळला गेला. बहुतेक संकेतस्थळांनी त्या खुणेकडे पाहिलेच नाही. त्याच वर्षी ॲपलने सफारीतून ती सोय काढली. कारण ती खूणच आता माणसाला ओळखायच्या कामी येऊ शकत होती. ज्याचा माग काढायचा नाही त्याला वेगळे निवडून देणारी खूण!

बेलोव्हिन यांनी हे सहा वर्षे आधी एका बिटात सांगितले होते. ज्या गोष्टीचे पालन समोरच्याच्या मर्जीवर आहे आणि न पाळण्यात त्याचा फायदा आहे, ती गोष्ट सुरक्षा म्हणून मोजू नये. संकेतस्थळांवरची रोबोट्स डॉट टीएक्सटी नावाची फाइल १९९४ पासून हेच सांगत आली आहे: शोधयंत्रांनो, या पानांवर येऊ नका. २०२२ मध्ये तिचे रीतसर आरएफसी झाले, तरी पालन मर्जीचेच राहिले. आज कृत्रिम बुद्धीच्या प्रतिमानांसाठी मजकूर गोळा करणाऱ्या यंत्रांवरून जे वाद चालले आहेत त्यांच्या तळाशी हाच प्रश्न आहे. आणि तुमच्या-माझ्या रोजच्या व्यवहारात पाहा. मी अठरा वर्षांचा आहे, इथे टिचकी मारा. मी सर्व अटी व शर्ती वाचल्या आहेत, इथे टिचकी मारा. हे सगळे बेलोव्हिन यांचे बिट आहेत. आपल्या संसदेने २०२३ मध्ये केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. 'पडताळता येईल अशी' ही अट ज्याने घातली, त्याला केवळ टिचकीचे मोल ठाऊक होते. ती पडताळणी प्रत्यक्षात कशी होते हे आपण नागरिकांनी डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे.

आणखी एका, कॉफीवरच्या, टिपणाविषयी थोडक्यात सांगतो. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणकशाळेत ट्रोजन रूम नावाच्या खोलीबाहेर कॉफीचे भांडे असे. भांडे रिकामे आहे हे तिथवर चालत गेल्यावर कळायचे, म्हणून १९९१ मध्ये त्यावर कॅमेरा रोखला गेला. १९९३ मध्ये ते चित्र वेबवर आले आणि २००१ पर्यंत जग ते भांडे पाहत होते. १९९८ च्या १ एप्रिलला लॅरी मॅसिंटर यांनी कॉफीची भांडी दुरून चालवण्याचा नियम लिहिला. त्यात ४१८ ही चूक आहे: मी चहाची किटली आहे, माझ्याकडे कॉफी मागू नका. वेबची भाषा जिथे तिथे, नको त्या कामाला जुंपली जाते आहे, हे त्यांना दाखवायचे होते. अठरा वर्षांनी, २१ ऑक्टोबर २०१६ रोजी, अमेरिकेतली कित्येक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. हल्ला करणाऱ्या फौजेत घराघरांतले कॅमेरे आणि चित्रफिती नोंदवणारे डबे होते. कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक नाव-परवलीचे जोड वापरून मिराई नावाच्या प्रोग्रामने ती फौज उभी केली होती. किटलीला जाळ्यावर बसवायचे तर तिचीही राखण करावी लागते, ही गोष्ट त्या कारखानदारांच्या गावीच नव्हती.

आतापर्यंत ज्या हसण्याची मी बाजू घेतली ते जाणत्यांचे हसणे, आणि तेही स्वतःच्या कामाकडे रोखलेले. या क्षेत्रात दुसरेही एक हसणे आहे. ते मला मुळीच आवडत नाही, आणि त्याविषयी बोललो नाही तर माझे बोलणे अर्धवट राहील.

ते हसणे संगणक वापरणाऱ्याला आहे. १९९२ पासून न्यूझीलंडच्या सायमन ट्रॅव्हाग्लिया यांनी एका दुष्ट संगणक-व्यवस्थापकाच्या कथा लिहिल्या. मदत मागायला येणाऱ्याचा तो छळ करतो. कथांची लेखणी तल्लख आहे आणि कंटाळलेल्या तंत्रज्ञाच्या मनातली चीड तिने नेमकी पकडली आहे. पण त्या कथांनी एक सवयही लावली: बिघाड खुर्ची आणि कळफलकाच्या मधे बसला आहे, असे म्हणून हसायचे. सीडीचा खण कप ठेवायला वापरणाऱ्या बाईचा चुटका, ओटीपी फोनवरून सांगून टाकणाऱ्या आजोबांचा चुटका, सगळे याच कुळातले. डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ मध्ये रोजच्या वस्तूंच्या रचनेवरचे आपले पुस्तक लिहून हे स्पष्ट केले होते की माणसे पुन्हा पुन्हा तीच चूक करत असतील तर चूक रचनेत शोधावी. आजोबांचे घ्या. बँक सांगते ओटीपी कोणाला देऊ नका. पार्सल घेऊन आलेला मुलगा दारात उभा राहून ओटीपी मागतो. गॅसचा सिलिंडर ओटीपी सांगितल्याशिवाय मिळत नाही. दिवसभर ज्याला द्यायला शिकवले त्याला एका क्षणी न देण्याचा विवेक कुठून येणार? इथे हसण्यासारखे काही असेल तर ती ही सगळी व्यवस्था आहे, आणि तिच्यावर लिहिलेला चांगला विनोद मी अजून शोधतो आहे.

अशा चुकीच्या हसण्याचे आणखी एक उदाहरण, या वेळी अजाणत्यांचे, आपल्या घरचे आहे. जुन्या प्रोग्रामांत वर्षाचे शेवटचे दोनच अंक ठेवत. ऐंशी रकान्यांच्या पंचकार्डाच्या आणि महागड्या स्मृतीच्या काळात ती काटकसर शहाणपणाचीच होती. १९९९ संपून शून्य-शून्य आले की व्याज, वय, मुदत यांचे हिशेब चुकणार होते. ते लाखो ओळींतून शोधून दुरुस्त करण्याचे काम नव्वदीच्या उत्तरार्धात भारतीय कंपन्यांनी फार मोठ्या प्रमाणावर केले. मुंबईच्या सीप्झ या निर्यातक्षेत्रात, पुण्यात कित्येक मराठी मुलामुलींनी आपली नोकरीतली पहिली वर्षे दुसऱ्याच्या, कोबोल या जुन्या संगणकभाषेतल्या, प्रोग्रामांमधली वर्षे चार अंकी करण्यात घालवली. काम कंटाळवाणे, जोखमीचे आणि कोणाला न दिसणारे. १ जानेवारी २००० उजाडला, विमाने पडली नाहीत, आणि जग त्या दुरुस्ती करणाऱ्यांना हसले. बागुलबुवा होता, पैसे उकळले, असे अग्रलेख आले.

ते हसणे चुकीचे होते. जिथे दुरुस्ती निसटली तिथे काय झाले हे इंग्लंडमधल्या शेफील्डच्या प्रयोगशाळेने दाखवले. गर्भवतींच्या रक्ततपासणीवरून डाउन सिंड्रोमचा धोका काढणाऱ्या संगणकात वयाचा हिशेब चुकला, आणि दीडशेहून अधिक स्त्रियांना चुकीचा निष्कर्ष कळवला गेला. पूर आला नाही म्हणून बांध बांधणाऱ्याला वेड्यात काढायचे, असा तो प्रकार होता. या सभागृहात त्या काळी रात्रपाळी केलेले कोणी असतील तर त्यांना मी इथून नमस्कार करतो. आणि तरुण श्रोत्यांना एक तारीख देऊन ठेवतो: १९ जानेवारी २०३८, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे. त्या वेळी बत्तीस बिटांत सेकंद मोजणाऱ्या जुन्या यंत्रांची मोजणी भरून जाईल. कारखान्यांतल्या, धरणांवरच्या, लिफ्टमधल्या छोट्या संगणकांत ती मोजणी अजून आहे का, हे शोधण्याचे काम पुन्हा कंटाळवाणेच असणार आहे.

वर्तमानपत्रे विन्स्टनला आणि या दुरुस्तीला अशी हसून मोकळी होत असतील, तर मग तंत्रज्ञानाची बातमी कशी वाचावी? २०१७ मधली ज्यूसेरो या अमेरिकन कंपनीची गोष्ट आठवा. वाय-फायला जोडलेले, चारशे डॉलरचे रसयंत्र. गुंतवणूकदारांचे सुमारे बारा कोटी डॉलर त्यात लागले होते. रसाच्या पिशव्या कंपनीनेच भरून विकायच्या आणि यंत्राने त्या पिळायच्या. ब्लूमबर्गच्या पत्रकारांनी एक पिशवी घेतली आणि हाताने पिळली. रस निघाला, जवळजवळ तितकाच, जवळजवळ तितक्याच वेळात. त्याच वर्षी कंपनी बंद झाली. त्या पत्रकारांच्या कृतीत मला कबुतरांच्या त्या ११४९ क्रमांकाच्या टिपणाची बुद्धी दिसते: दावा करणारा जे म्हणतो ते खरे धरा आणि हाताने करून पाहा. आपल्या मराठी वर्तमानपत्रांच्या तंत्रज्ञानाच्या पानांवर ही पिशवी पिळणारे हात मला फार थोडे दिसतात. कंपनीचे पत्रक येते, त्याचे भाषांतर होते, किमतीचा तक्ता जोडला जातो. तिथे एखाद्या तरुण वार्ताहराला आठवड्यातून एक वस्तू घरी नेऊन वापरायला दिली तरी पान बदलेल.

आता सुरुवातीला म्हटलेली ती काडीसारख्या माणसांची चित्रमालिका. रँडल मन्रो २००५ पासून एक्सकेसीडी काढतात. ऑगस्ट २०२० मधल्या एका चित्रात त्यांनी ठोकळ्यांचा मोठा डोलारा दाखवला. तो आधुनिक डिजिटल व्यवस्थेचा आहे. खाली एका बाजूला एक बारीकसा ठोकळा सगळा भार पेलतो आहे; नेब्रास्कातला कोणी एक माणूस तो २००३ पासून, कोणी आभार न मानता, सांभाळतो आहे. याआधी, मार्च २०१६ मध्ये, अकरा ओळींचा एक छोटा प्रोग्राम त्याच्या लेखकाने सार्वजनिक साठ्यातून काढून घेतला आणि जगभरच्या मोठमोठ्या कंपन्यांची कामे अडली होती. चित्रानंतर, डिसेंबर २०२१ मध्ये, लॉगफोरजे या स्वयंसेवकांनी सांभाळलेल्या भागात भगदाड सापडले. आणि मार्च २०२४ मध्ये तर चित्रातला माणूसच लक्ष्य झाला. एक्सझेड नावाची, माहिती दाबून लहान करणारी साधने एकच थकलेला गृहस्थ सांभाळत होता. कोणीतरी खोट्या नावाने दोन-अडीच वर्षे त्याला मदत केली, विश्वास मिळवला, आणि जगभरच्या लिनक्स सर्व्हरांत शिरता येईल असे चोरदार बसवले. ते सापडले कसे? आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रात शिरायला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले आणि त्याने ते सोडून दिले नाही. सरकारांचे सल्लागार, बँकांचे सुरक्षा-अधिकारी आज आपल्या सादरीकरणांत मन्रो यांचे ते चित्र लावतात, कारण त्याहून नेमका नकाशा दुसऱ्या कोणी काढलेला नाही.

शेवटी एक मागणी करतो. एक एप्रिलच्या या टिपणांसारखे टिपण मराठीत लिहिले जावे, आणि विषय आपल्याकडे तयार आहे. एखाद्या कार्यालयाने संगणकावरून दाखला द्यायचा. नागरिकाने तो छापायचा, त्यावर सही करायची, त्याचा फोटो काढायचा, तो २०० केबीच्या आत बसवायचा आणि दुसऱ्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर चढवायचा. तिथल्या कारकुनाने तो पुन्हा छापून फाइलला लावायचा. या व्यवहाराचा रीतसर नियम लिहा: वाहक कोण, एका खेपेत किती माहिती जाते, कितव्या झेरॉक्सनंतर शिक्का वाचता येत नाही, पोच कोणी द्यायची, सर्व्हर डाउन असेल तर किती वाजता पुन्हा यायचे. आरएफसीत असतो तसा सुरक्षेचा विभागही हवा. प्रत्येक केंद्रावरच्या संगणकात किती जणांच्या आधारच्या प्रती पडून राहतात हे त्यात यावे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हे जमेल, पण महाविद्यालयात बसून जमणार नाही. ज्याला लिहायचे आहे त्याने आधी आपल्या तालुक्याच्या गावी जाऊन एखाद्या महा-ई-सेवा केंद्रात, प्रवेशाच्या हंगामात, काउंटरच्या आतल्या बाजूला बसावे. ते केंद्र चालवणाऱ्या मुलाला कुठले संकेतस्थळ कुठल्या ब्राउझरमध्ये उघडते आणि कुठला अर्ज दुपारी तीननंतर जात नाही, हे तोंडपाठ असते. लेखक म्हणून टिपणावर पहिले नाव त्याचे घालावे.